चार इंच तीन सूत

मंगळवारी सकाळी साडेसात वाजता रोहणगावच्या बाजारातल्या उतारावर सौ. कोकिळा यांची सायकल थांबली नाही. ती मोतीलालच्या लोखंडी सामानाच्या दुकानाबाहेर रचलेल्या घमेल्यांत शिरून थांबली. जखमी कोणी नाही. साडीचा काठ वीतभर फाटला, दोन घमेल्यांना पोचे आले आणि सौ. कोकिळा यांच्या पतीची गावातली पत गेली. पती म्हणजे मी.

मी नागपूरच्या एका दैनिकाचा रोहणगावचा वार्ताहर आहे. बातमी लिहून पाकिटात घालायची, संध्याकाळी आर्वीहून येणाऱ्या नागपूर गाडीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्यातले काय उरले ते पाहायचे, असा माझा कित्येक वर्षांचा क्रम आहे. या कामाने मला दोन सवयी लावल्या. पहिली, ऐकलेली गोष्ट दोघांकडून पडताळल्याशिवाय न लिहिण्याची. दुसरी, काहीही लिहायला घेतले तरी ते बातमीसारखेच लिहिण्याची. पहिल्या सवयीचा मला आजवर काही फायदा झालेला नाही. दुसरीने काय केले ते पुढे येईलच.

आता कारणमीमांसा. कोकिळाला बोरखेडीच्या शाळेत शिक्षिकेची नेमणूक मिळाली होती. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडेल त्या सोमवारी साडेदहाच्या प्रार्थनेला हजर व्हायचे होते. बोरखेडी आमच्याकडून सहा मैल. तिथे एस.टी. जाते, पण ती बारा वाजता जाते, आणि तिच्या मनात असेल तर जाते. शिवाय बोरखेडीच्या सरपंचांनी आधीच वर कळवून ठेवले होते की, बाहेरगावची बाई रोज वेळेवर येऊ शकणार नाही, सबब मास्तर द्यावा. म्हणजे सोमवारी साडेदहाला सरपंच शाळेच्या ओट्यावर उभे राहून रस्त्याकडे पाहणार, हे उघड होते.

मी म्हटले, "पहिल्या दिवशी मी सोडून देतो. माझ्या सायकलवर मागे बस."

"पहिल्याच दिवशी तुमच्या कॅरिअरवर बसून गेली," कोकिळा म्हणाली, "तं गाव मले जन्मभर कॅरिअरवरच पाहीन. मी माझी जाईन, नाई तं जाणारच नाई."

माझ्या सायकलला मधला दांडा आहे. साडी नेसून ती चालवता येत नाही. पण कोकिळाचे वडील अण्णाजी एका मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तिथली एक गोरी नर्सबाई विलायतेला परत जाताना आपली सायकल अण्णाजींना देऊन गेली होती. बायकांची, खाली वाकलेल्या दांड्याची, काळीभोर, अस्सल विलायती. अण्णाजींनी ती कधी चालवली नाही आणि कधी विकलीही नाही. दर दसऱ्याला तिला झेंडूचा हार घातला. नेमणुकीचे कळताच त्यांनी ती बैलगाडीत घालून, खाली गवत अंथरून, लेकीकडे पाठवली. कोकिळा आठ दिवसांत वाड्यामागच्या मोकळ्या जागेत चालवायला शिकली. तिथे उतार नव्हता.

त्या सायकलीला फ्रीव्हील नव्हते. ज्यांनी कधी लक्ष दिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. साध्या सायकलीवर तुम्ही पाय थांबवले तरी चाक फिरत राहते आणि मागून कट-कट-कट आवाज येतो. ही सोय मागच्या चाकाच्या मधल्या गाभ्यावर, म्हणजे हबवर, बसवलेल्या दातेरी चकतीत असते. तिचे नाव फ्रीव्हील. नर्सबाईंच्या सायकलीत ही चकती हबला घट्ट बसवलेली होती. चाक फिरले की पायडल फिरणारच. बाजाराच्या उतारावर चाकाने वेग घेतला, चाकाबरोबर पायडलांनी घेतला, कोकिळाने घाबरून पाय वर उचलले आणि पायडलाने साडी खाली ओढली. पुढचा ब्रेक होता, पण त्याचे रबर नर्सबाईंच्या काळातले होते. बाकीचे घमेल्यांना माहीत आहे.

मोतीलालने स्वतः गल्ल्यावरून उठून तिला उभे केले. "बाईसाहेब, लागलं तं नाई ना? घमेल्याचं काई नाई, घमेलं पोचे खायलेच बनते." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अन् तुमी सदाशिवराव, दुनियाभरच्या बातम्या लिहिता. घरची गाडी पहात जा थोडी."

हे त्याने भर बाजारात म्हटले. आज मी त्याचा आभारी आहे, पण त्या दिवशी नव्हतो.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर सल्लामसलत भरली. आमच्या गल्लीत सल्ला मागावा लागत नाही; दार उघडे दिसले तरी पुरते. समोरच्या वच्छलाबाई आल्या. त्यांचा या प्रकरणाला पहिल्यापासून विरोध होता.

"म्या तं सांगतलंच होतं," त्या म्हणाल्या. "बाईमानसाचे पाय जमिनीवर असावे."

"काकू, पाय जमिनीवर असते तं सायकल थांबली असती," कोकिळा म्हणाली.

वच्छलाबाईंनी यावर विचार केला. "पन साडी फाटली ना?" एवढे बोलून त्यांनी मुद्दा जिंकल्यासारखी सुपारी कातरायला घेतली.

शेजारचे वासुदेवराव रेल्वेत गार्ड होते. नोकरीचा बराच काळ सिंदी रेल्वेला गेला. निवृत्त झाले तरी जगातली प्रत्येक गोष्ट ते रुळांवर ठेवून पाहतात. त्यांनी सायकलीभोवती एक फेरी मारली, चाकावर बोटाने टकटक केले आणि निदान सांगितले. "उताराले डायवर वाफ बंद करते, गाडी आपली घरंगळत राह्यते. तुमच्या गाडीत वाफच बंद नाई होत. फ्रीव्हील लावा."

त्या आठवड्यातले हे पहिले बरोबर वाक्य. त्यामुळे पुढे सगळे बिघडले तरी वासुदेवरावांना दोष देता येत नाही. ते स्वतः अजून दिवसातून दोनदा याची आठवण करून देतात.

बुधवारी सकाळी मी मागचे चाक घेऊन प्रेमदासच्या सायकल दुकानात गेलो. प्रेमदासच्या दुकानावर 'येथे सर्व होईल' अशी पाटी आहे आणि प्रेमदास स्वतः त्या पाटीवर मनापासून विश्वास ठेवतो. त्याला विमान दुरुस्त करायला दिले तरी तो आधी "होऊन जाईन" म्हणेल आणि मग पंख कुठे आहेत ते विचारेल.

"फ्रीव्हील? होऊन जाईन," तो म्हणाला. "जुनी चकती काढतो, नवी फिरवतो. चहा पिऊन या."

मी चहा पिऊन आलो. जुनी चकती निघाली होती. नवी अर्धा वेढा फिरून बसली होती आणि तिथून ती पुढेही जात नव्हती व मागेही येत नव्हती.

"आटे नाई जुळून राह्यले," प्रेमदास म्हणाला. "विलायती आटे हाय."

"मग फिरवलीच कशाला?"

"फिरवल्याबिगर कसं समजणार का जुळत नाई?"

त्याने हातोड्याने चकती मोकळी केली. चकती आली, पण हबचे आटे तिच्यासोबत आले. म्हणजे सकाळी आमच्याकडे फ्रीव्हील नसलेली पण चालणारी सायकल होती. दहा वाजता तीही राहिली नाही. प्रेमदास मुळीच खचला नाही. "हे चांगलंच झालं. आता पूरा हबच नवा टाकू. मोतीलालकडून पसंत करून आना."

हब पसंत करणे हा एक सोहळा असतो, हे मला ठाऊक नव्हते. मोतीलालने गोणपाट अंथरून त्यावर हब ओळीने मांडले. वासुदेवराव माझ्यासोबत आले होतेच. गाडी स्टेशनात आल्यावर चाके ठोकून पाहतात तसे त्यांनी एकेक हब किल्लीने ठोकून, कान लावून ऐकले. भाजी घ्यायला निघालेल्या वच्छलाबाई थांबल्या आणि "तो नको, काळवंडला दिसते" असे म्हणून गेल्या. खत घ्यायला आलेल्या एका शेतकऱ्याने सर्वांत जड हब उचलून "हा टिकीन" असा निर्वाळा दिला. उपवर मुलगी पाहायला पाहुणे येतात तेवढी माणसे जमली. मी काहीही न समजता, दर्दी चेहरा करून, सर्वांत चकचकीत हब निवडला. मोतीलाल म्हणाला, "वा, नजर हाय." माझी पत थोडी सावरल्यासारखी वाटली.

तो हब सायकलीत बसेना.

सायकलीच्या मागच्या बाजूला दोन नळ्या असतात, चिमट्यासारख्या. त्यांच्या मधे चाक बसते. नवे हब नव्या सायकलींच्या रुंद चिमट्यांसाठी केलेले असतात. नर्सबाईंच्या सायकलीचा चिमटा अरुंद होता. चाक आणि हब घेऊन आमच्या अंगणात आलेल्या प्रेमदासने जोर लावून पाहिला, मग थांबून कपाळ पुसले.

"होऊन जाईन. चिमटा फाकवून देतो. एक पहार घालतो मधात, तुमी एका बाजूनं पाय द्या, वासुदेवराव दुसऱ्या बाजूनं ओढतीन."

"अरे बापा," वासुदेवराव म्हणाले, "ही पुलगाव-आर्वीची नॅरोगेज हाय. हिच्यात ब्रॉडगेजचं चाक काऊन कोंबून राह्यला?"

"रूळ फाकवू ना!"

"रूळ फाकवले का गाडी कुठं जाते माहीत हाय का तुले? वावरात."

कोकिळा घरातून येऊन उभी होती. तिने पहार पाहिली. "प्रेमदासभाऊ," ती शांतपणे म्हणाली, "माझ्या बापानं या सायकलीले कधी माशी बसू नाई देल्ली. पहार घेऊन पुढं आले तं पहार मी घेईन." प्रेमदासने पहार भिंतीला टेकवली. त्या क्षणी ती सायकल वाचली, म्हणून या प्रकरणात आभार मानायचेच तर पहिले माझ्या पत्नीचे.

आता नेमके माप हवे होते. माझ्याकडे पोलादी पट्टी आहे. छापून आलेली बातमी किती कॉलम-इंच झाली ते मोजायला घेतली होती आणि एरवी तिला फार काम नसते. मी चिमट्यातले आतले अंतर तीनदा मोजले, वासुदेवरावांकडून पडताळून घेतले. चार इंच तीन सूत. मोतीलालकडचा सर्वांत लहान हब चार इंच सहा सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कोकिळाची नोकरी आणि कोकिळा यांच्यात एकूण तीन सूत अंतर होते.

आमच्या दैनिकाच्या कचेरीत तानबा आहेत. नागपूरच्या बसस्थानकावरून वार्ताहरांची पाकिटे गोळा करणे हे त्यांचे काम आणि जुन्या सायकली हा त्यांचा शौक. नागपुरात असा हब असेल तर तो तानबांनाच सापडेल, या विचाराने मी बुधवारच्या पाकिटात त्यांच्यासाठी एक चिठ्ठी घातली. चिठ्ठीवर "तानबा" असे लिहिले नाही, कारण पाकीट तेच उघडतात असा माझा समज होता. घाईत लिहिली आणि सवयीने लिहिली. मजकूर असा:

"रोहणगाव, ता. ९ – येथे जुन्या विलायती सायकलींना लागणारे चार इंच तीन सूत मापाचे, चाळीस छिद्रांचे मागील हब कोठेही मिळत नाहीत. त्यामुळे एका शिक्षिकेला सोमवारी शाळेत पोहोचणे अशक्य होणार आहे. तरी संबंधितांनी त्वरित लक्ष घालावे."

संबंधित म्हणजे तानबा.

शुक्रवारी सकाळी पेपर आला. नळयोजनेवरची माझी बातमी, जिच्यासाठी मी दोन आठवडे पाइप मोजत हिंडलो होतो, ती दोन ओळींत होती. तिच्या शेजारी चौकटीत, ठळक मथळ्याखाली, माझी चिठ्ठी होती. अख्खी. एकही शब्द कापलेला नव्हता. मथळा: 'रोहणगावात हबची तीव्र टंचाई; नागरिकांत असंतोष'.

असंतोष मी लिहिला नव्हता. पण आमच्या घरातले वातावरण पाहता ते वृत्त निराधार होते असेही म्हणता येत नाही.

साडेनऊला मोतीलाल पेपर घेऊन आला. बाजारातल्या सर्वांसमोर घमेल्यांचे पोचे हसून सोडून देणारा हा माणूस आता त्या चौकटीवर बोट आपटत होता.

"सदाशिवराव, टंचाई? माह्या दुकानात टंचाई? तुमच्यासमोर गोणपाटावर मांडले ना मी हब? पसंत तुमीच केला!"

मी त्याला खुलासा केला की ही बातमी नसून चिठ्ठी आहे. तो म्हणाला, "मंग चिठ्ठीले मथळा काऊन हाय?"

अकराला पुरवठा खात्याचे निरीक्षक आले. रूपराव त्यांचे नाव. अतिशय सज्जन, मवाळ माणूस. बगलेत फाइल, बोलणे हळू. आणीबाणी उठली होती, पण दुकानासमोर साठ्याचा फलक लावण्याचा हुकूम उठला की नाही याबद्दल कोणाला खात्री नव्हती, आणि मोतीलालच्या फलकावर साखर, रॉकेल, सिमेंट होते, हब नव्हता. रूपरावांनी ते टिपून घेतले आणि मग ते माझ्या घरी आले.

"टंचाईग्रस्त सायकल कोणती?" त्यांनी विचारले.

मी परत खुलासा केला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. सरकारी माणसाने माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याची ही पहिलीच वेळ होती. मग ते म्हणाले, "तुमचं म्हणणं खरं असेल. पण छापून आलं म्हणजे चौकशी होणार. चौकशी म्हणजे पंचनामा होणार. आणि पंचनामा म्हणजे नमुना लागणार."

वासुदेवराव आनंदाने पंच झाले. गार्डाच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ पंचनामे पाहिले होते, पण पंच म्हणून त्यांना कोणी विचारले नव्हते. नमुना म्हणून रूपरावांनी मागचे चाक ताब्यात घेतले. रिम, चाळीस तारा, आटे गेलेला हब, सगळे. त्यावर चिंधी गुंडाळून लाखेची मोहर केली.

"साहेब," कोकिळा म्हणाली, "सोमवारी मले त्याच चाकावर जाचं हाय."

रूपरावांच्या चेहऱ्यावर खरोखर दुःख दिसले. "बाई, उद्या दुसरा शनिवार. परवा रविवार. सोमवारी मी दौऱ्यावर. मंगळवारी नक्की या." त्यांनी चाकाची पोच लिहून दिली. अक्षर मोत्यासारखे होते. ते रिक्षात चाक मांडीवर घेऊन बसले आणि कोपऱ्यावरून वळेपर्यंत आमच्याकडे पाहत होते.

वच्छलाबाई दारातून म्हणाल्या, "आता तं चाकच गेलं. आता तरी बैलगाडीचं पाहा." आणि आत गेल्या. या वेळी त्यांनी मुद्दा जिंकल्यासारखे केले नाही, हे मी नमूद करतो.

शनिवारी सकाळपासून मात्र काहीतरी वेगळेच सुरू झाले. बसस्टँडवरच्या कंट्रोलरने माणूस पाठवला: तुमच्या नावाने वस्तू येऊन पडल्यात, उचलून न्या, प्रवाशांना बसायला जागा नाही. मी गेलो. हिंगणघाटच्या कोणी मास्तरांनी पुढच्या चाकाचा हब पाठवला होता, सोबत 'शिक्षक बंधू-भगिनींचा विजय असो' अशी चिठ्ठी. आर्वीहून बैलगाडीच्या चाकाचे लोखंडी कडे. एका गृहस्थांनी शिलाई मशीनचे चाक स्वतः आणले होते आणि ते बसवता येईल असे ते मला पटवत होते. सिंदी रेल्वेहून वासुदेवरावांच्या जुन्या सहकाऱ्याने एक हब पाठवला. मी पट्टी लावली. चार इंच तीन सूत! मी आणि वासुदेवराव बसस्टँडवरच एकमेकांना कडकडून भेटलो, दिवाळीला भेटतात तसे.

प्रेमदासने छिद्रे मोजली. छत्तीस.

"रिम तं जप्त हाय, अन् बाजारात नवी भेटते ते चाळीसचीच," तो म्हणाला. "चार तारा कुठं लावू? तुमच्या हाताले?"

"होऊन जाईन म्हण ना," मी म्हटले.

प्रेमदासने पहिल्यांदाच तसे म्हटले नाही. तो स्टुलावर बसला. "सदाशिवराव, सोमवारी बाई नाई गेल्या तं लोक म्हनतीन प्रेमदासनं हबचे आटे खाल्ले. पाटी काढून ठेवा लागीन मले." तेव्हा मला समजले की या प्रकरणात पत फक्त माझीच पणाला लागली नव्हती.

त्या संध्याकाळी कोकिळाने साडीचा फाटलेला काठ शिवायला घेतला. मी म्हटले, "सोमवारी मी सोडतो. शाळेच्या अलीकडे उतर, पुढे चालत जा. कोणाला दिसणार नाही."

"मले दिसन ना," ती म्हणाली.

रविवारी दुपारी आर्वी गाडीच्या कंडक्टरने एक पुडके आणून दिले. गिरडला कोणीतरी हिंगणघाटच्या गाडीत दिले होते, तिथून वर्ध्याला, वर्ध्याहून आर्वी गाडीत. तीन कंडक्टरांनी ते एकमेकांच्या हातात सोपवत आणले. कोणी भाडे मागितले नाही, हमाली मी देऊ केली तर कंडक्टर म्हणाला, "बाईच्या शाळेचं हाय म्हने ना?" पुडक्यावर फक्त 'शाळेच्या बाई, रोहणगाव' एवढेच. आत शुक्रवारचा आमचा पेपर, चौकटीतली बातमी वर येईल असा गुंडाळलेला, त्यात तेलात भिजवलेली चिंधी, चिंधीत हब. फ्रीव्हीलसकट. मी पट्टी लावली. मग पडताळणीसाठी वासुदेवरावांनी लावली. चार इंच तीन सूत. प्रेमदासने छिद्रे मोजली, परत मोजली, मग कोकिळाला मोजायला दिली. चाळीस.

पाठवणाऱ्याचे नाव नव्हते. गिरडच्या दर्ग्याच्या टेकडीखाली कोणाच्या घरात अशीच एखादी विलायती सायकल हार घालून ठेवलेली असेल. आता तिला मागचे चाक नसेल.

हब आला, पण रिम मोहरबंद होती. मोतीलालचे दुकान रविवारी बंद असते आणि शुक्रवारपासून तो माझ्याशी बोलत नव्हता. मी त्याच्या मागच्या दारी गेलो. तो जेवून सुपारी खात बसला होता. मी काय हवे ते सांगितले. त्याने सुपारीचे आणखी एक खांड तोंडात टाकले.

"माह्याकडे टंचाई हाय," तो म्हणाला.

मी मान खाली घातली.

मग तो उठला. किल्ल्या घेतल्या, दुकान उघडले, आणि चाळीस छिद्रांची नवी रिम, टायर-ट्यूब, तारांचा जुडगा व ब्रेकची रबरे माझ्या हातात दिली. "बाई माह्या घमेल्यात पडल्या तवाच मी म्हटलं, या बाईले ब्रेक पाह्यजे. घेऊन जा. अन् मंगळवारच्या पेपरात लिहा का मोतीलालकडे हब भरपूर हाय."

"तसं लिहिलं तर दोन ओळींत कापतील," मी म्हटले.

"मंग चिठ्ठी लिहा," मोतीलाल म्हणाला.

संध्याकाळपर्यंत आमच्या ओट्यावर काम चालले. प्रेमदासने एकेक तार ओवली, ओढली, चाक फिरवले, डोळा लावून पाहिले. वासुदेवराव प्रत्येक तार ठोकून "सूर ढिला" किंवा "बरोबर" म्हणत होते. प्रेमदासने त्यांच्याकडे दुर्लक्ष केले, पण एकदा खरेच एक तार परत घट्ट केली. आणि वच्छलाबाई मध्येच उठून घरात गेल्या आणि विणलेले काहीतरी घेऊन आल्या. सुती दोरीच्या दोन अर्धगोल जाळ्या, काठाला लाल किनार. शुक्रवारपासून त्या हेच विणत होत्या.

"चाकाच्या दोन्हीकडं बांधजो," त्या प्रेमदासला म्हणाल्या. "साडी आत नाई जाणार. आता जाऊन तं राह्यलीच हाय ही पोट्टी, मंग उघडं चाक काऊन?" मग त्यांनी चाकाला हळदकुंकू लावले आणि कोकिळाला, लहान मुलीला सांगतात तसे, "हळू जाजो व माय" म्हटले.

प्रेमदासने सायकल उलटी उभी केली, पायडल एकदा जोरात मारले आणि हात काढला. पायडल थांबले. चाक फिरत राहिले. कट-कट-कट-कट. आम्ही सगळे ओट्यावर बसून ते ऐकत होतो. मी आयुष्यात बऱ्याच सभांचे वृत्तांत लिहिले आहेत. 'टाळ्यांचा प्रचंड कडकडाट' हे शब्द मी अनेकदा, कधीकधी सभा पाहण्याआधीच, लिहिले आहेत. त्या संध्याकाळी कोणी टाळी वाजवली नाही. चाक थांबले तसे प्रेमदासने ते परत फिरवले.

आज सोमवार. कोकिळा सकाळी नऊ वाजता निघाली. मी मागून येऊ नये असे तिने बजावले आहे. वासुदेवरावांनी हिरवा रुमाल हलवला, तो त्यांनी तीन वर्षे जपून ठेवला होता.

गिरडच्या त्या माणसाचा शोध लागलेला नाही. मी दोन कंडक्टरांकडे विचारणा केली; एक म्हणतो देणारा म्हातारा होता, दुसरा म्हणतो बाई होती. तेव्हा आभार कोणाचे मानावेत हे मला पडताळता आलेले नाही, म्हणून ते मी इथे, नाव न घालता, मानून ठेवतो. जुने चाक निरीक्षकांच्या कचेरीत आहे आणि हबच्या टंचाईची चौकशी चालू आहे. बैलगाडीचे कडे अजून आमच्या अंगणात आहे.

सव्वादहाच्या सुमारास बोरखेडीकडून दूध आणणारा जयवंता आला. मी त्याला विचारले. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरांमधून नाल्याकडे जो लांब उतार आहे, तिथे त्याला बाई दिसल्या होत्या. तिथून शाळा मैलभर, मधे नाल्याचे पाणी आहे आणि पलीकडे चढ.

"पन भाऊ, सायकल बिघडली का काय?" जयवंता म्हणाला. "बाई पायच नाई मारून राह्यल्या. पाय अस्से चूप ठेवलेले, अन् सायकल आपली चालूनच राह्यली."

त्यानंतरची माहिती बोरखेडीहून हे लिहीपर्यंत आलेली नाही.